प्रश्न विचारायचा तरी कुणाला? (श्योपूरची गाडी, जॉर्जियातलं पोरगं आणि आपले खासदार)

लष्करवाला

मंडळी नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

झालं असं की परवा ग्वाल्हेरच्या जनकगंजात एका मुंजीला जेवायला बसलो होतो. शेजारी श्योपूरचे एक काका. दुसरं श्रीखंड वाढायला येईस्तोवर त्यांनी ग्वाल्हेर-श्योपूर छोट्या रेल्वेगाडीचं सगळं रडगाणं गाऊन झालं, की २०२० च्या लॉकडाऊनात बंद केली ती केलीच, आता बसवाले म्हणतील ते भाडं. तेवढ्यात समोरच्या पंगतीतल्या वहिनी म्हणाल्या की आमचा मुलगा जॉर्जियात एमबीबीएसला आहे, त्याच्या कॉलेजने कागद अडकवलेत, एम्बसीला मेल केले तर छापील उत्तर येतं. दोघांचं औषध मात्र एकच, "खासदाराला सांगा, संसदेत प्रश्न विचारायला लावा." श्रीखंड जरा जास्त झालं असावं, मी बोलून बसलो की मी लिहून देतो, कार्यालयात ओळख आहे.

घरी येऊन हे लिहिलंय. बघा बरं कसं वाटतंय:

"ग्वाल्हेर-श्योपूर ही ऐतिहासिक रेल्वेसेवा बंद करून या भागातील गरीब जनतेवर घोर अन्याय का करण्यात आला, ती कधी सुरू होणार, तसेच परदेशात शिकणाऱ्या भारतीय मुलांची लूट थांबवण्यासाठी सरकार काही करणार आहे की नाही, याचा खुलासा माननीय रेल्वेमंत्री व माननीय परराष्ट्रमंत्री करतील काय?"

सूचना कराव्यात. फार हसू नये.

बाड्यावरचा

हसलो नाही. खुर्चीवरून पडलो.

दोन मंत्र्यांना एकाच प्रश्नात? म्हणजे रेल्वेमंत्र्यांनी उठून सांगायचं की गाडी जॉर्जियाहून सुटली आहे, आणि परराष्ट्रमंत्र्यांनी सांगायचं की सबलगढमधील परिस्थितीवर आमची बारीक नजर आहे.

इंदुरी शेव

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आपलं, शेव घेऊन.

सदाशिव_अ

लष्करवाले, मन मोठं करून वाचा. मी दिल्लीत बरीच वर्षं एका खासदारांकडे टंकलेखनापासून तिकिटं काढण्यापर्यंत सगळं केलंय, त्यात हे प्रश्नांचे कागद रोजचेच.

एक तर प्रश्न एकाच मंत्र्याला जातो. मंत्रालयांचे गट पाडलेले असतात, प्रत्येक गटाचा आठवड्यातला वार ठरलेला, तेव्हा रेल्वे आणि परराष्ट्र हे दोन वेगळे कागद करायचे. नोटीस निदान १५ दिवस आधी. मग बॅलट, म्हणजे चक्क सोडत. त्यातून लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित निघतात. तारांकित म्हणजे मंत्री उभा राहून तोंडी उत्तर देणार आणि त्यावर उपप्रश्न विचारता येणार. अतारांकितचं उत्तर लेखी पटलावर येतं, तिथे उपप्रश्न नाही. आणि २० तारांकित असले तरी तासाभरात पाच-सहाच्या पुढे गाडी जात नाही, गोंधळ झाला तर एकही नाही.

आता तुमची भाषा. "ऐतिहासिक", "घोर अन्याय", "लूट" हे सगळं सचिवालय कापेल. नियमच आहे की प्रश्नात युक्तिवाद, उपरोध, विशेषणं, आरोप चालत नाहीत, शब्दमर्यादा १५०. मित्रदेशाबद्दल असभ्य उल्लेख तर अजिबात नाही, त्यामुळे वहिनींच्या मनात जॉर्जियाबद्दल जे काही आहे ते त्यांनी फोनवर बहिणीला सांगावं.

पण हे सगळं फॉर्मॅट झालं. खरी चूक वेगळीच आहे. तुम्ही विचारलंय "कधी सुरू होणार" आणि "काही करणार की नाही". असल्या प्रश्नाला मंत्रालयात उत्तर आधीच टाईप होऊन पडलेलं असतं. संध्याकाळी लिहितो, आत्ता दवाखान्यात नंबर लागलाय.

चिमण

एवढा खटाटोप करून मिळतं काय हो? एक कागद. त्यावर लिहिलेलं असतं "काम प्रगतिपथावर आहे". माझ्या लहानपणापासून प्रगतिपथावर आहे, मला आता चष्मा लागला.

आणि प्रश्नांचं पावित्र्य वगैरे ग्वाल्हेरकरांना कुणी सांगू नये. २००५ च्या डिसेंबरात पैसे घेऊन प्रश्न विचारतात म्हणून ११ खासदार काढून टाकले, छुप्या कॅमेऱ्यात सापडले होते, त्यात आपला ग्वाल्हेरचाही होता. २००७ मध्ये पोटनिवडणूक झाली ती त्यामुळेच. विसरले का सगळे?

गोरखीवाला

चिमणराव, विसरलो नाही. पण तुम्हीच बघा, ज्या गोष्टीसाठी लोक पैसे मोजायला तयार होते ती फुकटची रद्दी कशी असेल? काहीतरी वजन असणारच ना.

मला ग्वाल्हेरबद्दल एक वेगळीच गंमत वाटते. आपल्याकडे दळणवळण आणि परराष्ट्र ह्या दोन खात्यांचं दुकानच आहे म्हणा ना. अटलजी आमच्या गोरखीच्या शाळेतले, १९७७ ते ७९ परराष्ट्रमंत्री, युनोत हिंदीत बोलले ते तेव्हाच. माधवराव महाराज १९८६ ते ८९ रेल्वे, शताब्दी १९८८ ला सुरू झाली ती दिल्ली ते झाशी, म्हणजे मध्ये ग्वाल्हेर. नंतर विमान वाहतूक. त्या खात्याचा राजीनामा दिला १९९३ मध्ये, भाड्याने घेतलेलं विमान दिल्लीत उतरताना कोसळलं म्हणून, सुदैवाने माणूस एकही गेला नव्हता त्यात. मग ज्योतिरादित्य २०२१ ते २४ परत विमान वाहतूक. वरती नरेंद्रसिंह तोमर इथून २०१४ ला निवडून आले आणि तेही मंत्री.

सगळे मोठे. पण मंत्री झाला की तो प्रश्न विचारत नाही, तो उत्तर देणारा होतो! म्हणजे ग्वाल्हेरच्या वाट्याला उत्तर देणारेच जास्त आले, विचारणारे कमी. अटलजी १९७१ ला इथून निवडून गेले आणि विरोधात बसले, नंतर ७७ आणि ८० ला नारायणराव शेजवलकर, आणि अलीकडे २०१९ ला विवेकराव शेजवलकर, असे काही. आणि आपण मात्र "आमचा माणूस मंत्री झाला" म्हणून बाड्यावर फटाके लावतो.

इंदुरी शेव

गोरखीवाले, यात आम्ही तुमच्या पुढे. आमच्या ताई (सुमित्राताई महाजन) १९८९ पासून आठ वेळा निवडून आल्या आणि २०१४ ला थेट अध्यक्ष झाल्या. अध्यक्ष प्रश्न विचारत नाही, तो "नेक्स्ट क्वेश्चन" म्हणतो. पाच वर्षं इंदूरने दुसऱ्यांचे प्रश्न ऐकले.

तरी आमची मनमाड लाईन मंजूर झाली बरं का, सप्टेंबर २०२४, ३०९ किमी, १८,०३६ कोटी. आता मनमाडला उतरून कुठे जायचं ते विचारू नका.

बाड्यावरचा

शिर्डीला जा. आणि ती वेळेवर पूर्ण होवो म्हणून नवस बोल.

नॅरोगेज

माझ्या आयडीची लाज राखायला लिहावंच लागेल.

श्योपूरची गाडी म्हणजे दोन फुटी रूळ, साधारण २०० किमी, सकाळी ग्वाल्हेरला बसलं की उतरताना दिवेलागण. शिंदे सरकारांनी बांधलेली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्योपूरपर्यंत गेली. टपावर माणसं, खिडक्यांना सायकली आणि दुधाचे हंडे टांगलेले, आणि चढावर पोरं उतरून बरोबरीने चालायची. आमच्या आजीचं माहेर तिकडे वाटेवर होतं, ती म्हणायची ह्या गाडीत डबा दोनदा खावा लागतो.

आता महत्त्वाचं. ती नुसती "बंद केली" असं लिहिलंत तर पहिल्याच वाक्यात हराल, कारण कागदावर ती बंद नाही, तिचं ब्रॉडगेज (मोठ्या रुंदीचे रूळ) होतंय. प्रकल्पाचं नावच "ग्वाल्हेर-श्योपूरकलाँ गेज परिवर्तन, कोट्यापर्यंत विस्तारासह", लांबी २८४ किमी, मंजुरी २०१०-११ ची. सुमावली, जौरा असा टप्प्याटप्प्याने मार्ग पुढे सरकलाय, मेमू (विजेवरची लोकल) धावतेय. प्रश्न उरलेल्या तुकड्याचा आहे. कोटा तर त्याच्याही पुढे.

अवांतर: जयविलास पॅलेसात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी आहे, पाहुण्यांना सिगार वगैरे घेऊन फिरणारी. ग्वाल्हेरची तेवढीच एक छोटी लाईन अजून शाबूत आहे.

चिमण

हा हा, आणि तिला भूसंपादन लागत नाही.

सदाशिव_अ

आलो. बीपी ठीक आहे, धन्यवाद, कुणी विचारलं नाही तरी.

चिमणने भूसंपादन म्हटलं तोच धागा पकडतो. "कधी पूर्ण होणार" विचारलं की रेल्वेचं उत्तर गेली कित्येक वर्षं एकच आहे: प्रकल्प पूर्ण होणं हे भूसंपादन, वन खात्याची परवानगी, आड येणाऱ्या तारा-पाईप हलवणं, राज्य सरकारचा वाटा, त्या भागातलं हवामान, वर्षात कामाचे महिने किती मिळतात ह्या सगळ्यावर अवलंबून असल्याने निश्चित मुदत सांगता येत नाही. अजून एक ठेवणीतलं, की रेल्वे प्रकल्प राज्यनिहाय नाही तर झोननिहाय मंजूर होतात. तुम्ही मध्य प्रदेशातलं विचारलंत की ते तुम्हाला उत्तर-मध्य रेल्वेचा सगळा गोषवारा देणार, त्यात आपला श्योपूर शोधायला भिंग घ्या. परराष्ट्र खात्याचंही तसंच, "परदेशातील भारतीय विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेला व कल्याणाला सरकार सर्वोच्च प्राधान्य देते, आपले दूतावास संपर्कात आहेत". यात खोटं काही नाही, पण हाताला काही लागतही नाही.

म्हणून आमचे साहेब एक करायचे. ते "का" आणि "कधी" विचारायचेच नाहीत, "किती" विचारायचे. मंजूर किती, दर वर्षी दिले किती, त्यातले खर्च किती, जमीन लागणार किती हेक्टर, त्यातली हातात किती, कुठल्या जिल्ह्यातली अडलीय. कारण आकड्याला ठेवणीतलं उत्तर नसतं, खात्याला खाली झोनकडे, झोनला बांधकाम विभागाकडे फोन करावाच लागतो, आणि तो फोन गेला की निदान कुणीतरी फाईल उघडून बघतं. माझ्या मते प्रश्नाचा अर्धा फायदा हाच, तो मंत्री उभा राहण्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. टीव्हीवर दिसतो तो उरलेला अर्धा.

आणि चिमण, "कागद" म्हणून हिणवू नका. मंत्री जर म्हणाले की "विचार केला जाईल" किंवा "माहिती गोळा करून पटलावर ठेवू" तर ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं. त्यासाठी लोकसभेची वेगळी समिती आहे, १९५३ पासून. तीन महिन्यांत पूर्ण करायचं, नाहीतर मुदतवाढ मागायची. मुदतवाढीवर मुदतवाढ होते हे खरं, पण नोंद पुसली जात नाही.

चिमण

म्हणजे सरकारी उधारीची वही.

सदाशिव_अ

हो, तसंच समजा. पण वहीत नाव असलेल्या गिऱ्हाइकाला निदान दुकानासमोरून जाताना मान खाली घालावी लागते.

जनकगंज_काकू

मी एरवी फक्त वाचते, पण परदेशातल्या मुलांचं आलंय म्हणून लिहिते. टायपिंग मोबाईलवरून आहे.

माझा भाचा युक्रेनमध्ये होता, पश्चिमेकडच्या गावात. फेब्रुवारी २०२२. तो रोमानियाच्या सीमेवरून बाहेर आला, थंडीत उभं राहून पाय सुजलेले, फोन चार्ज नाही. त्या वेळी सरकारने चार मंत्री शेजारच्या देशांत पाठवले होते आणि रोमानियाला आपले ज्योतिरादित्य होते, तेव्हा विमान खातं त्यांच्याकडे. आमच्या वहिनी टीव्हीसमोरून उठेनात. एकूण साडेबावीस हजारांच्या आसपास माणसं परत आली, ऑपरेशन गंगा. ते काम चांगलंच झालं, उगाच कुणी वाद घालू नये.

पण त्रास पुढे झाला. मुलं आली, आता शिकायचं कुठे? सगळे पालक परराष्ट्र खात्याला पत्रं लिहीत होते, आम्हीपण लिहिलं. आणि उत्तर कुणाकडे होतं? आरोग्य खात्याकडे. जुलै २०२२ मध्ये लोकसभेत लेखी उत्तर आलं आरोग्य राज्यमंत्री भारती पवारांचं, की परदेशी कॉलेजातल्या मुलांना इथल्या कॉलेजात सामावून घ्यायची कायद्यात तरतूदच नाही. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. पण खरं सांगू, चार महिने जे अधांतरी लटकलो होतो ते संपलं. नाही तर नाही. मग सप्टेंबरात मेडिकल कमिशनने दुसऱ्या देशात जाऊन शिकायला हरकत नाही म्हटलं आणि भाच्याने तो रस्ता धरला.

तेव्हा त्या जॉर्जियावाल्या वहिनींना आधी विचारा की नक्की कागद कुठला अडलाय. तिथल्या कॉलेजचा असेल तर परराष्ट्र, इथल्या परीक्षेसाठीचा असेल तर आरोग्य. चुकीच्या खिडकीवर उभं राहिलं की नंबर लागूनही उपयोग नाही.

गोरखीवाला

काकू, रोज लिहीत जा हो.

बडोद्याची

काकूंना +१. आणि एक भर: परराष्ट्र खात्याचं "मदद" नावाचं पोर्टल आहे, २०१५ पासून, परदेशातल्या तक्रारींसाठी. तिथे तक्रार टाकून नंबर घेतला का त्यांनी? नुसते एम्बसीला मेल करून उपयोग नाही. नंबर असला की खासदारांना पत्रातही तो देता येतो.

लष्करवाला

वहिनींना फोन केला. तक्रार टाकलेली नाही, मदद हे नावच पहिल्यांदा ऐकलं म्हणाल्या. कागद तिथल्या कॉलेजचाच आहे, मार्कांची ट्रान्सक्रिप्ट, फी बाकी आहे असं म्हणतायत आणि ह्यांच्याकडे पावती आहे. आज रात्री मुलगा टाकतोय तक्रार.

फुलबाग_एक्सप्रेस

संपूर्ण धागा वाचला. पण एक मूलभूत शंका. श्योपूरच्या काकांचा त्रास आज बसचा आहे ना? गाडी येईल तेव्हा येईल. मग हे आमदाराने भोपाळला विचारायला नको का?

गोरखीवाला

शंभर टक्के बरोबर. रेल्वे आणि परराष्ट्र केंद्राकडे, आमदार त्यावर विधानसभेत मंत्र्याला धरू शकत नाही. पण बस राज्याची. महाराष्ट्रातले पाहुणे आले की विचारतात "तुमच्याकडे एसटी कुठून सुटते?" आता काय सांगणार, आमचं राज्य परिवहन महामंडळ २००५ ला बंद करायचं ठरलं आणि नंतरच्या काही वर्षांत गाशा गुंडाळला. तेव्हापासून खाजगी बस, भरेपर्यंत सुटत नाही. २०२५ मध्ये सरकारने "सुगम परिवहन" म्हणून नवी योजना मंजूर केली आहे. तेव्हा आमदारांसाठी सोपा प्रश्न, ग्वाल्हेर-श्योपूर मार्ग त्यात आहे का आणि किती फेऱ्या.

चिमण

"किती". शिकले गोरखीवाले.

बाड्यावरचा

चिमण पण सुधारला. धाग्याचं काश्मीर होणार, म्हणजे जुंपणार, अशी मला फार आशा होती, सगळी धुळीला मिळाली.

लष्करवाला

बरं, सगळ्यांचं ऐकून परत लिहिलंय. दोन वेगळे कागद. अतारांकित मागायचं असं ठरवतोय, सोडतीत निघायची शक्यता जास्त.

रेल्वेमंत्र्यांसाठी:

(क) ग्वाल्हेर-श्योपूरकलाँ गेज परिवर्तन व कोट्यापर्यंत विस्तार या प्रकल्पासाठी गेल्या पाच वर्षांत वर्षनिहाय किती तरतूद केली व किती खर्च झाला;
(ख) प्रकल्पाला एकूण किती हेक्टर जमीन लागणार, पैकी किती ताब्यात आली व उर्वरित कोणकोणत्या जिल्ह्यांत आहे;
(ग) वन परवानगीचे किती प्रस्ताव प्रलंबित आहेत व प्रत्येक प्रस्ताव कोणत्या तारखेस पाठवला, आणि
(घ) किती किमी मार्गावर प्रवासी सेवा सुरू झाली असून रोज किती फेऱ्या होतात?

परराष्ट्रमंत्र्यांसाठी:

(क) गेल्या तीन वर्षांत जॉर्जियातील भारतीय विद्यार्थ्यांकडून मदद पोर्टलवर वर्षनिहाय किती तक्रारी आल्या;
(ख) पैकी शैक्षणिक कागदपत्रे रोखून धरल्याच्या किती, आणि
(ग) त्यातील किती निकाली निघाल्या व निकाली निघण्यास सरासरी किती दिवस लागले?

सदाशिव_अ

वा. हा आमच्या साहेबांनी एका दमात सही करून दिला असता. दोन बारीक गोष्टी. रेल्वेच्या (ग) मध्ये "प्रत्येक प्रस्ताव कोणत्या तारखेस पाठवला" हे ठेवाच, कुणी लांब झालं म्हणून काढायला सांगितलं तरी काढू नका, सगळी मेख तिथेच आहे. वन खात्याकडे अडलंय म्हणायचं आणि प्रस्ताव पाठवलेलाच नसायचा असं मी डोळ्यांनी पाहिलंय. दुसरं, खासदारांच्या कार्यालयात हिंदी किंवा इंग्रजी करून द्या, मराठीत दिलं तर तिथला मुलगा ते टेबलाच्या खणात ठेवेल आणि दिवाळीच्या साफसफाईत सापडेल.

आणि अतारांकितच का? एक तारांकितही टाका की. सोडतच आहे, निघाला तर निघाला.

जनकगंज_काकू

लष्करवाले भाऊ, हिंदी मी करून देते. आकाशवाणीवर भाषांतराचं काम केलंय मी काही वर्षं. उद्या दुपारपर्यंत पाठवते.

लष्करवाला

काकू, दंडवत.

सगळं श्योपूरच्या काकांना फोनवर वाचून दाखवलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "ते हेक्टर-बिक्टर ठीक आहे, पण नव्या गाडीत दुधाचे हंडे खिडकीला टांगू देतील का, ते नाही विचारलंस."

सदाशिव_अ

म्हणून म्हटलं तारांकित टाका. ते उपप्रश्नात घेता येईल.